कुंकवाच्या गावाहून

केम, ता. करमाळा, जि. सोलापूर

चि. बाळ,


तुझा लांबलचक मेसेज दोनदा वाचला आणि फोन करायचं सोडून कागद घेतला. फोनवर तुझ्यामागं कुणीतरी हाका मारत असतं, माझं बोलणं अर्ध्यावर राहतं. हे अर्ध्यावर ठेवण्यासारखं नाही.

यंदाचं संक्रांतीचं हळदी-कुंकू तुमच्या घरी आहे. आईनं केलेल्या यादीत खालच्या मजल्यावरच्या काकूंचं नाव नाही, कारण त्यांचे यजमान कोरोनात गेले. तू विचारलंस तर आई म्हणाली, ‘त्यांनाच अवघडल्यासारखं होईल, उगाच कशाला?’ आता तू मला विचारतेस, बोलवावं का, आणि बोलवायचं तर कसं.

बोलवावं. यात मला कुठलीही शंका नाही. कसं बोलवायचं ते मात्र जरा सविस्तर सांगते.

आधी आईवर रागावू नकोस. ती माझीच लेक आहे, मनानं चांगली आहे, आणि काकूंना दुखवायचा तिचा मुळीच हेतू नाही. पण ‘त्यांनाच अवघडेल’ हे वाक्य मी आयुष्यभर ऐकत आले. बारशाला बोलवलं नाही, कारण त्यांना अवघडेल. लग्नात हळद लावायला पुढं केलं नाही, कारण त्यांना अवघडेल. या वाक्यात फार माया असल्यासारखं वाटतं, पण ते बोलताना कुणी त्या बाईला विचारलेलं नसतं. अवघडतो आपण. तिच्या पुढ्यात कुंकवाचा करंडा धरायला आपला हात अवघडतो, आणि ते अवघडणं आपण तिच्या नावावर टाकून मोकळे होतो. आईला हे तावातावानं सांगू नकोस. एवढंच म्हण, ‘आपण काकूंना विचारलंय का?’

तू आपल्या गावाला सुट्टीपुरती येतेस, म्हणून तुला केमची ओळख रेल्वे स्टेशन आणि उत्तरेश्वराचं देऊळ एवढीच. बाहेर मात्र केम म्हटलं की लोक कुंकू म्हणतात. जेऊर आणि कुर्डुवाडीच्या मधलं हे कोरडवाहू गाव, पण पंढरपूरच्या आणि तुळजापूरच्या दुकानांतल्या कुंकवाच्या राशींत आपल्या गावचा माल असतो. जुन्या रीतीचं कुंकू म्हणजे हळदच. हळकुंडं लिंबाच्या रसात आणि टाकणखारात मुरवली की पिवळी हळद लाल होते. मग ती वाळवायची, कुटायची, वस्त्रगाळ करायची. आता यंत्रं आली, पीठ आलं, रंग आले. स्वस्त माल वेगळा, चांगला वेगळा.

कारखान्यातून सुटल्यावर बायका नळावर हात धुतात ते एकदा उभं राहून बघ. साबण कितीही चोळला तरी नखांच्या कडा लालच राहतात. टाचांच्या भेगांत लाल बसलेलं असतं, डोक्याला बांधलेलं फडकं झटकलं की घड्यांतून लाल धूळ उडते. या बायकांत नवरा गेलेल्याही असतात, कारण घर चालवायला कुणीतरी कामाला यावंच लागतं. दिवसभर कुंकू चाळायचं, तोलायचं, पुड्या बांधायच्या. कुठल्या कुठल्या गावच्या सवाष्णींच्या कपाळाला लागणारं कुंकू त्यांच्या बोटांतून जातं. तीच बाई संध्याकाळी शेजारच्या घरी हळदी-कुंकवाला गेली, तर करंडा तिच्यापाशी येऊन पुढं सरकतो. तिच्या हातचं कुंकू चालतं, तिच्या कपाळावरचं चालत नाही. मी हे लहानपणापासून बघत आले आणि मला त्याची सवय झाली नाही. होऊही नये.

आता हे होतं कशामुळं? नवरा गेला हा एक प्रसंग. प्रसंग घडतो, त्याचं दुःख असतं, ते दुःख आपल्या चालीनं कमी होतं. पण आपल्याकडं त्या प्रसंगावरून बाईची जात ठरवावी तसं तिचं सगळं ठरवून टाकतात. ती पांढऱ्या पायाची. शुभ कामाला निघताना समोर आली तर दोन मिनिटं थांबायचं. ती हसली तर ‘हिला काही वाटतं का’, आणि गप्प बसली तर ‘हिचं तोंड कायम उतरलेलं’. चांगली साडी नेसली तर ‘कुणासाठी’. घरी दुरुस्तीला माणूस आला तरी शेजारची खिडकी उघडते. शेत विकायला निघाली तर तिला व्यवहार कळत नाही, आणि विकत नाही म्हणाली तर ती हट्टी. बाळ, जिच्याबद्दल असं सगळं आधीच ठरलेलं असतं, तिला काहीही वागून सुटका नसते. म्हणूनच काकूंनी काय करावं हा प्रश्न पहिला नाही. यादी करणाऱ्यांनी काय करावं हा पहिला.

तुझे आजोबा गेले तेव्हा तू दुपट्यात होतीस. नात्यातल्या वडीलधाऱ्या बायका आल्या आणि दाराआड मला बसवून बांगड्या फोडल्या. मला कुणी विचारलं नाही. त्यांच्या मनात वाईट नव्हतं, त्यांच्याही बांगड्या कुणीतरी अशाच फोडल्या होत्या. पण त्या दिवसापेक्षा मला जास्त लागलं ते पुढं. मी तेव्हा एका शाळेवर होते. स्नेहसंमेलनाला समई लावायचं काम दरवर्षी माझ्याकडं असायचं, कारण बायकांत मी थोरली. त्या वर्षी काडेपेटी माझ्या समोरून दुसऱ्या बाईंच्या हातात गेली. कुणी काही बोललं नाही. न बोलता झालं, म्हणून मलाही काही बोलता आलं नाही.

त्याच वर्षी शाळेत मुलींनी सगळ्या बायकांसाठी हळदी-कुंकू केलं. करंडा घेऊन फिरत होत्या त्या आमच्या खिचडी शिजवणाऱ्या बाई. एकेक कपाळ करत त्या माझ्यापर्यंत आल्या. माझ्या आधीच्या बाईंनी डोळे खाली घातले. खिचडीच्या बाई थांबल्या नाहीत की त्यांनी आवाज बदलला नाही. ‘लावू ना, बाई?’ म्हणाल्या. मी मान हलवली. त्यांनी हळद लावली, कुंकू लावलं, हातावर तिळगूळ ठेवला आणि पुढच्या बाईंकडं गेल्या. एवढंच झालं. भाषण नाही, डोळ्यांत पाणी नाही, टाळ्या नाहीत. त्या बाईंना मी पुढं त्याबद्दल काही म्हटलं तर त्यांना त्यात सांगण्यासारखं काही वाटलंच नाही. ‘तुम्ही रांगेतच होता की’, म्हणाल्या.

तू चांगली कामं करायला निघालीस, तुझ्या कॉलेजात त्यासाठी मंडळही आहे, म्हणून हे सांगते. मला आयुष्यात मिळालेली मोठी मदत पैशाची नव्हती, सल्ल्याची नव्हती. एका बाईनं मला वगळलं नाही, ती होती.

हे फक्त बायकांच्या कपाळापुरतं आहे असं समजू नकोस. तू ‘फँड्री’ पाहिलास. त्यातला जब्या साकारणारा सोमनाथ अवघडे आपल्या केमचा. हलगी वाजवणारं पोरगं. तो सिनेमा करणारे नागराज मंजुळे जवळच्या जेऊरचे. २०१४ च्या फेब्रुवारीत चित्रपट थिएटरांत लागला आणि सोमनाथला त्या कामासाठी बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. गावाला आनंद झाला, होणारच. पण मला राहून राहून हलगी आठवते. आपल्याकडं हलगीशिवाय देवाची पालखी निघत नाही, नवरदेवाची वरात निघत नाही, बैलांची मिरवणूक निघत नाही. आणि जेवणाच्या पंगती बसत तेव्हा हलगीवाल्याची पंगत शेवटची असे, तीही मांडवाबाहेर. मंगल कामाला ज्यांचे हात लागतात त्यांनाच मंगलाच्या बाहेर उभं करायचं, ही आपली जुनी खोड आहे. कुंकवाच्या बाबतीत ती बाईवर चालते, हलगीच्या बाबतीत जातीवर.

तुझ्या आईच्या पिढीला वाटतं की हे परंपरेनं आलंय, मग त्याला हात कसा लावायचा. परंपरेचंच बघू. शहाजीराजे १६६४ मध्ये गेले. पुढं दहा वर्षांनी, ६ जून १६७४ ला रायगडावर राज्याभिषेक झाला, तेव्हा जिजाऊ तिथं होत्या. मराठी मुलखानं पाहिलेला तो सर्वांत मोठा मंगल सोहळा, आणि त्या घरात सगळ्यांत मोठा मान एका विधवा आईचा. अहिल्याबाईंचं माहेर चौंडी, आपल्या तालुक्याला लागून असलेल्या जामखेड तालुक्यात. त्यांचे यजमान खंडेराव १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात गेले. १७६७ पासून १७९५ पर्यंत माळव्याचा कारभार त्या बाईनं पाहिला. घाट बांधले, देवळं उभी केली, वाटसरूंसाठी विहिरी खणल्या. ३१ मे ला त्यांची जयंती गावोगाव होते. प्रतिमेला हार घालणारा हात शेजारच्या बाईला कुंकू लावताना का थांबतो, हे मला अजून उमगलेलं नाही.

आणि ज्यांनी ही चाल मोडली तेही इथलेच. १८६३ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात फसवल्या गेलेल्या विधवांसाठी बाळंतपणाची सोय केली, बालहत्या प्रतिबंधक गृह. आपल्या जिल्ह्यात पंढरपूरला १८७५ मध्ये तसंच गृह निघालं. लालशंकर उमियाशंकर नावाचे न्यायाधीश तिथं होते, त्यांच्या पुढाकारानं. वारीच्या गावात लोक अशा बायकांना चोरून आणून सोडायचे, पोरं टाकून द्यायचे. ते काम पुढं नवरंगे बालकाश्रमाच्या नावानं चालू राहिलं. पंढरपूर म्हणजे आपल्याला विठ्ठल आठवतो, हा आश्रम फार कमी जणांना आठवतो.

या सगळ्यांत मला सर्वांत जवळची वाटतात ती मुंबईतली न्हावी माणसं. तेव्हा ब्राह्मण आणि काही इतर घरांत नवरा गेला की बाईचं केशवपन करत. ते करायचा न्हावी. १८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं मुंबईत न्हाव्यांची सभा झाली आणि त्यांनी ठरवलं, विधवेच्या डोक्यावरून वस्तरा फिरवायचा नाही. बाळ, यावर थोडं थांब. या लोकांकडं सत्ता नव्हती, शास्त्र नव्हतं, पैसा नव्हता. फिरवायला एक वस्तरा होता आणि तो त्यांनी खाली ठेवला. आपला रोजचा धंदा, त्यातलं एक गिऱ्हाईक सोडायचं, आणि ज्यांच्या घरी ते जात ते लोक वरच्या जातीचे. त्यांना किती ऐकून घ्यावं लागलं असेल! प्रत्येकाच्या हातात असा एखादा वस्तरा असतो. तुझ्या आईच्या हातात यंदा यादी आहे.

आपल्यासारख्या शेतकरी-कारागीर घरांत केशवपन नव्हतं, पाट लावायची, म्हणजे विधवेनं पुन्हा लग्न करायची, मोकळीक होती, म्हणून आपले लोक अभिमानानं सांगतात की आमच्यात तसलं काही नव्हतं. ते पूर्ण खरं नाही. पाट लावलेल्या बाईला संसार मिळायचा, पण सवाष्णीचा मान मिळायचा नाही. ओटी भरायला ती नाही, देवकाला ती नाही. आणि पाट न लावणारीचं कपाळ, गळा, मनगट, पायाची बोटं सगळी मोकळी व्हायची, ते सगळ्या जातींत.

आता आपल्या तालुक्यातली गोष्ट, जी तुझ्या पुस्तकात नसेल. करमाळ्याला महात्मा फुले समाजसेवा मंडळ आहे, प्रमोद झिंजाडे त्याचे संस्थापक. कोरोनाच्या पहिल्या लाटेत त्यांचे एक सहकारी हृदयविकारानं गेले. अंत्यविधीच्या वेळी त्या माणसाच्या बायकोच्या बांगड्या फोडल्या, मंगळसूत्र काढलं, कुंकू पुसलं, ते झिंजाड्यांनी डोळ्यांनी पाहिलं. असे अंत्यविधी आपण सगळ्यांनी पाहिलेत. बघून घरी येतो, अंघोळ करतो. त्यांनी घरी येऊन लिहिलं, लोकांना विचारलं, गावच्या कारभाऱ्यांशी बोलले. आणि स्टॅम्प पेपरवर लिहून दिलं की माझ्या मरणानंतर माझ्या बायकोवर ही सक्ती करू नये. मग आणखी काही पुरुषांनी त्याला साथ दिली.

मला या गोष्टीतला कागद फार आवडतो. बायकोवर प्रेम आहे असं सांगणारे पुष्कळ असतात. आपण नसताना घरात काय होईल, कोण बांगड्यांवर हात टाकेल, याचा विचार करून आधीच आडवं पडणं, हे प्रेम निराळं.

पुढं कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातलं हेरवाड त्यांच्याशी बोललं. ४ मे २०२२ ला हेरवाडच्या ग्रामसभेनं ठराव केला, गावात विधवा प्रथा बंद. बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही, मंगळसूत्र आणि जोडवी काढायची नाहीत, सणासमारंभात बाईला मागं ठेवायचं नाही. सुरगोंडा पाटील तेव्हा सरपंच होते. राजर्षी शाहूंच्या स्मृतिशताब्दीचं ते वर्ष, आणि शाहू महाराजांनी १९१७ मध्येच आपल्या संस्थानात विधवा पुनर्विवाहाचा कायदा केला होता, म्हणून तिथल्या मातीत ते शोभलंही. पंधरा दिवसांच्या आत, १७ मे ला राज्य सरकारनं परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना सांगितलं की हेरवाडचा कित्ता गिरवा. करमाळ्यात एका अंत्यविधीला पेटलेली गोष्ट अशी सगळ्या राज्यात गेली.

ठरावानं सगळं झालं असं मी म्हणणार नाही. ठराव ग्रामसभेत होतो, आणि बांगड्या फुटतात त्या घरात, दार लावून, म्हाताऱ्या बायकांच्या गराड्यात. तिथं ग्रामसेवक येत नाही. पण ठरावाचा एक मोठा उपयोग होतो. ज्या बाईला नको असतं, तिला म्हणायला आधार मिळतो. ज्या सुनेला आडवं यायचं असतं, तिला ‘गावानंच ठरवलंय’ असं म्हणता येतं. माझ्या वेळी असं वाक्य कुणाजवळ नव्हतं.

हल्ली आणखी एक दिसतं, त्याबद्दल माझं मत तुला सांगते, पटलं तर घे. विधवा भगिनींसाठी खास हळदी-कुंकू. मंडप, फलक, पाहुणे, साडीवाटप, मग फोटो. सुरुवातीला याची गरज होती, पुष्कळ बायकांच्या कपाळाला कित्येक वर्षांनी तिथं कुंकू लागलं, आणि त्यातून धीर आलेल्या बायका मी पाहिल्यात. ज्यांनी ते केलं त्यांना मी मानते. पण तेवढ्यावर थांबलं तर ती पुन्हा निराळी पंगतच. फलकावर ‘विधवा’ लिहिलेल्या मंडपात जाऊन बसायचं, कुणीतरी मोठ्या मनानं कुंकू लावायचं, आणि आपण डोळे पुसतानाचा फोटो दुसऱ्या दिवशी गावभर फिरायचा. मला ते नको वाटतं. कीव हाही एक शिक्काच आहे. ‘बिचारी’ म्हटलं की माणूस संपतो. तुमच्या काकू हिशेबाला पक्क्या आहेत, त्यांच्या हातचं लोणचं तू मागून नेतेस, सोसायटीच्या टाकीचं भांडण त्यांनीच मिटवलं, हे सगळं तूच मला सांगितलंस. त्या आधी या सगळ्या आहेत.

कुणी असंही म्हणतं की हळदी-कुंकूच बंद करा, बाईची किंमत नवऱ्यावरून करणारा सण हवा कशाला. या म्हणण्यात दम आहे आणि तू त्यावर विचार कर. मी माझ्यापुरतं असं ठरवलंय की बायकांनी बायकांच्या घरी जाण्याचे दिवस आधीच थोडे, ते मोडण्यापेक्षा त्यांचं दार रुंद करावं. तुझी पिढी पुढं आणखी काही ठरवेल.

तर बोलवायचं कसं. बाकीच्या बायकांना ज्या शब्दांत बोलावणार त्याच शब्दांत. सोसायटीच्या ग्रुपवर निरोप टाकणार असाल तर तो सगळ्यांना एकच असू दे, आणि तू स्वतः खाली जा, कारण ग्रुपवरचा निरोप आपल्यासाठी नाही असं त्या गृहीत धरतील. इतकी वर्षं गृहीत धरायला लावलंय आपण. दारात उभी राहून ‘तुमच्यासारख्यांनाही आम्ही बोलावतो’ असं चुकूनही काही बोलू नकोस. ‘काकू, शनिवारी पाच वाजता आमच्याकडं हळदी-कुंकू आहे, या’ एवढं पुरे. त्या म्हणतील, ‘अगं, मी कशी?’ तेव्हा वाद घालू नकोस, समजावत बसू नकोस. ‘आईनं बोलावलंय’ म्हण. त्यासाठी आईला आधी तयार करावं लागेल, ते काम तुझं.

त्या आल्या तर जिथं जागा असेल तिथं बसतील, तू त्यांना मुद्दाम पुढं आणू नकोस आणि मागंही राहू देऊ नकोस. करंडा घेऊन आई फिरेल तेव्हा रांगेत त्यांचा नंबर येईल. आईनं विचारावं, ‘लावू ना?’ नको म्हणाल्या तर नको. काहींना मनापासून नको असतं, नवऱ्याच्या आठवणीनं नको असतं, किंवा आयुष्यात कधीच आवडलेलं नसतं. मग नुसती हळद, किंवा अत्तर, किंवा तिळगूळ. तुमच्या मजल्यावरच्या मुसलमान ताई येतात तेव्हा आई त्यांना विचारूनच अत्तर आणि गजरा देते ना? तसंच. वाण मात्र सगळ्यांना तेच. काकूंना पुस्तक आणि इतरांना डबे, असं काही करू नका.

एखादी बाई नाक मुरडेल. एखादी ‘हल्ली काही पाळत नाहीत’ असं जिन्यात म्हणेल. म्हणू दे. पुढच्या वर्षी तिच्या घरी हळदी-कुंकू असेल तेव्हा तिलाही यादी करावी लागेल, आणि तुमच्या घरी काय झालं ते तिनं पाहिलेलं असेल. फार तर दोन बायका यायच्या नाहीत. त्याची आईला धास्ती आहे, मला ठाऊक आहे. तिला सांग, आपल्या घरी संक्रांतीला आजीच्या शेजारी बसून तिळगूळ खाल्ला तेव्हा काही अशुभ झालं नाही. उलट त्याच वर्षी तुझ्या आईची नोकरी कायम झाली.

शेवटी जरा रुक्ष गोष्ट लिहिते, पण कुंकवापेक्षा ती जास्त महत्त्वाची आहे. तू मागं म्हणाली होतीस की काकूंच्या सासरी माढा तालुक्यात शेत आहे, सातबाऱ्यावर अजून त्यांच्या यजमानांचंच नाव आहे आणि दीर ‘बघू, घाई काय’ म्हणतात. घाई आहे. १८५६ च्या कायद्यानं विधवेच्या लग्नाला मान्यता दिली, पण दुसरं लग्न केलं की पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा तिचा हक्क काढून घेतला. त्याची सावली अजून लोकांच्या डोक्यात आहे. ‘ती काय, उद्या जाईल, तिचं नाव कशाला लावायचं’ असं सर्रास बोलतात. पण १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं बायको, मुलं, मुली आणि मयताची आई यांना सारखे वाटे दिले, आणि मिळालेला वाटा बाईच्या पूर्ण मालकीचा. ती भोळी आहे, तिला कळत नाही, असं ठरवून तिच्याकडून हक्कसोड लिहून घेणारे पुष्कळ. कोरोनात गेलेल्या माणसांच्या बायकांसाठी हेरंब कुलकर्णी आणि त्यांच्या सोबत्यांनी एकल महिला पुनर्वसनाचं काम उभं केलं, तेव्हा गावोगाव हेच गाऱ्हाणं पुढं आलं.

वारस नोंदीला तलाठ्याकडं अर्ज करायचा. सोबत मृत्यूचा दाखला, वारसांची नावं लिहिलेलं प्रतिज्ञापत्र, ओळखीचे कागद, सातबारा आणि आठ-अ. तलाठी फेरफार धरतो, संबंधितांना नोटीस काढतो, हरकतीसाठी पंधरा दिवस असतात, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. अर्जाची पोच घ्यायला विसरायचं नाही, आणि कोऱ्या कागदावर कुणालाही सही द्यायची नाही. दिरांशी भांडण करायची गरज नाही, नोंद करणं म्हणजे वाटणी मागणं नव्हे, हे काकूंना नीट सांग. बहुधा त्यांना तीच भीती असेल.

आधी त्यांना विचार. त्यांच्या घरच्या गोष्टीत आपण परस्पर पडायचं नाही. त्यांना चालणार असेल तर मृत्यूच्या दाखल्याचा आणि सातबाऱ्याचा फोटो मला पाठव, गट नंबर नीट दिसू दे. एरवी एकट्या बाईला कार्यालयात तास न् तास उभं करतात. दोघी असलो की बरं पडतं. त्या आल्या की कुर्डुवाडीला उतरवून घेईन आणि माढ्याला त्यांच्याबरोबर जाईन. माझे गुडघे अजून तेवढं चालतात. फेब्रुवारीत ज्वारीची काढणी सुरू व्हायच्या आत झालं तर बरं, मग गावाकडं कुणी जागेवर सापडत नाही.

आईला आशीर्वाद, बाबांना नमस्कार सांग. उत्तर कागदावर नाही लिहिलंस तरी चालेल, मेसेज कर.

तुझी,
आजी